गटाराच्या पाण्यातून फाज वेगळा करायचा कसा आणि तो पेशीत शिरून काय करतो हे मोजायचं कसं

विषाणू आपल्याला दिसत नाही. टी४ हा फाज, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू, त्याच्या जातभाईंमध्ये चांगला थोराड मानला जातो. तरी त्याचं डोकं जेमतेम १२० नॅनोमीटर लांब आणि ८६ नॅनोमीटर रुंद असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक २०० नॅनोमीटरच्या आसपासच थकतो. पण याच विषाणूचा एकेक कण मोजता येतो, तोही पेट्री प्लेट उजेडात धरून, नुसत्या डोळ्यांनी. जिवाणूंची दाट साय धरलेल्या जेलीसारख्या अगारवर एका कणाने काम केलं की तिथे एक स्वच्छ भोक पडतं. त्याला प्लाक म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेलने १९१७ मध्ये जिवाणू असे विरघळताना पाहिले. 'बॅक्टेरिओफाज' हे नाव देरेलचं.

हा प्रयोग पदवीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत असतो आणि बहुतेक जण तो कृती पाठ करून उरकतात. त्यातली प्रत्येक पायरी विषाणूच्या एखाद्या सवयीमुळे तशी आहे. ती सवय समजली की कृती पाठ करावी लागत नाही, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं तेही कळतं.

आधी यजमान

विषाणूला स्वतःचा चयापचय नाही. प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत, ऊर्जा तयार करायची सोय नाही. म्हणून त्याला वाढवायचं तर वाढती, जिवंत पेशी द्यावी लागते. इथे ती ई. कोलाय, आतड्यात राहणारा जिवाणू. रोगकारक नसलेली, के-१२ किंवा बी वंशाची घ्या. कॉलेजच्या साठ्यात नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येते. रुग्णाकडून मिळालेली, ओळख न पटलेली जात वापरू नका. ती धोक्याची असते, आणि तिच्या गुणसूत्रात आधीच एखादा फाज लपून बसलेला असला तर सगळेच निकाल गढूळ होतात.

माध्यम, म्हणजे जिवाणू ज्यात वाढतात ते खाद्य, एलबी. एका लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. दहा प्लेटसाठी खालचा थर २०० मिलि लागतो, त्यात ३ ग्रॅम अगार घाला, म्हणजे दीड टक्का. वरचा थर मऊ हवा. १०० मिलि एलबीत ०.७ ग्रॅम अगार घालून तो झाकणाच्या नळ्यांत ४-४ मिलि भरून ठेवा. सगळं १२१° से. ला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. कॅल्शियम क्लोराइडचं १ मोलर द्रावण मात्र वेगळं निर्जंतुक करून नंतर घाला. फॉस्फेट असलेल्या माध्यमात ते आधीच घातलं तर पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम वाया जातं.

फाज पातळ करायला एसएम बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, लागतो. ५०० मिलिसाठी मीठ २.९ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) १ ग्रॅम, ट्रिस ३ ग्रॅम, जिलेटिन ०.०५ ग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.५ ला आणा. इथे हात आखडू नका. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ केलं तर बऱ्याच फाजांचं कवच टिकत नाही. मॅग्नेशियम ते शाबूत ठेवतं, आणि जिलेटिनमुळे कण काचेला, प्लास्टिकला चिकटून कमी होत नाहीत.

आदल्या संध्याकाळी ई. कोलाय ५ मिलि एलबीत लावून ठेवा. सकाळी त्यातले ०.१ मिलि १० मिलि ताज्या एलबीत घाला आणि ३७° से. ला हलवत दोन ते अडीच तास वाढवा. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेली घनता ०.३ ते ०.५ आली की थांबा. तेव्हा दर मिलिलिटरला साधारण २५ ते ४० कोटी पेशी असतात आणि त्या जोमाने विभागत असतात. रात्रभर वाढून दमलेल्या पेशी थेट वापरल्या की प्लाक बारीक, पुसट येतात. यजमान मंदावला की त्याच्यावर जगणाराही मंदावतो.

पाणी

प्रक्रिया न झालेलं घरगुती सांडपाणी सगळ्यात चांगलं, कारण जिथे आतड्यातली ई. कोलाय भरपूर तिथे तिचे फाजही भरपूर. जोरदार पाऊस होऊन गेल्यावर लगेच घेऊ नका, तेव्हा ते फार पातळ झालेलं असतं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, रुंद तोंडाची झाकण घट्ट बसणारी बाटली. याच पाण्यात टायफॉइडचे जिवाणू आणि हेपटायटिस ए चे विषाणूही असू शकतात. फाज माणसाला काही करत नाही, गटाराचं पाणी करतं. तोंडाने पिपेट ओढणं कुठल्याही परिस्थितीत नाही.

५० मिलि पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० आरपीएमला १५ मिनिटं फिरवून गाळ खाली बसवा. वरच्या नितळ पाण्यातलं ४५ मिलि घ्या, त्यात दहापट दाट एलबी ५ मिलि, वाढती ई. कोलाय ५ मिलि आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ०.१ मिलि घाला. ३७° से. ला रात्रभर ठेवा. या पायरीला समृद्धीकरण म्हणतात. पाण्यात आपल्या यजमानाला ओळखणारे मोजकेच कण असले तरी सकाळपर्यंत ते कोट्यवधी होतात.

मात्र यात एक तिढा आहे. रात्रभरात जो फाज सर्वांत झपाट्याने वाढतो तोच बाकीच्यांवर मात करतो. म्हणून समृद्धीकरणानंतर आलेला आकडा हा मूळ पाण्यातल्या फाजांचा आकडा नव्हे. मूळ पाण्यात किती होते हे हवं असेल तर समृद्धीकरण वगळून गाळलेलं १ मिलि पाणी थेट प्लेटवर लावा. अहवालात या दोन आकड्यांची सरमिसळ फार वेळा दिसते.

सकाळी पुन्हा फिरवा आणि नितळ भाग ०.४५ किंवा ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रोमीटरचे, ते अडतात. फाज आरपार जातात. गाळणी सेल्युलोज ॲसिटेट किंवा पीईएसची घ्या. नायट्रोसेल्युलोज प्रथिनं धरून ठेवतो आणि फाजाचं कवच प्रथिनांचंच असतं, त्यामुळे निम्मा माल गाळणीतच राहू शकतो.

गाळणी नसेल तर क्लोरोफॉर्म. ५० मिलिला अर्धा मिलि घालून हलवा, अर्धा तास ठेवा, वरचा पाण्याचा थर अलगद काढून घ्या. जिवाणूची पटलं चरबीची, ती फाटतात. टी४ सारख्या फाजाला चरबीचं आवरणच नाही, त्याला काही होत नाही. साबणाने कोरोनाचा विषाणू मोडतो तो याच कारणाने: त्याला चरबीचं आवरण आहे. म्हणजे क्लोरोफॉर्म वापरला की चरबीचं आवरण असलेले फाज, आणि धाग्यासारखे काही फाजही, तुम्ही नकळत गाळून टाकता. क्लोरोफॉर्म काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या नळीतच घाला. पॉलिस्टायरीनची नळी त्यात विरघळते.

दोन थरांची प्लेट

आठ नळ्यांत ०.९ मिलि एसएम बफर भरा. पहिलीत ०.१ मिलि फाजद्रावण, नीट ढवळा, त्यातलं ०.१ मिलि दुसरीत, असं आठव्यापर्यंत. प्रत्येक नळीला नवी टिप घ्या. जुन्या टिपेला चिकटलेले थोडे कण पुढे जातात आणि शेवटच्या नळ्यांमधला आकडा खोटा फुगतो.

आता चौथ्या ते आठव्या नळीतून ०.१-०.१ मिलि घेऊन प्रत्येकात ०.२ मिलि वाढती ई. कोलाय मिसळा आणि ३७° से. ला दहा मिनिटं स्वस्थ राहू द्या. ही दहा मिनिटं म्हणजे चिकटण्याचा काळ. फाजाला पोहता येत नाही, तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत असतो आणि योगायोगानेच पेशीला आपटतो. आपटला तरी चिकटेलच असं नाही. टी४ च्या लांब शेपटी-तंतूंना ई. कोलायच्या बाहेरच्या पटलावरची ठरावीक खूण पटावी लागते: लायपोपॉलिसॅकराइडचा भाग किंवा ओएमपी-सी नावाचं प्रथिन. लॅम्डा फाजाला माल्टोज आत घेणारं लॅम-बी प्रथिन लागतं. एमएस२ हा चिमुकला आरएनए फाज फक्त एफ पिलसच्या केसासारख्या नळीला चिकटतो, म्हणून एफ नसलेल्या वंशावर तो कधीच प्लाक देत नाही. कोणता विषाणू कोणाला बाधतो हे बहुतांशी या पहिल्या ओळखीवरच ठरतं. कोरोनाच्या सार्स-कोव्ह-२ ला आपल्या पेशीवरचं एसीई२ लागतं, इन्फ्लुएन्झाला सायलिक आम्ल, एचआयव्हीला सीडी४. ई. कोलायच्या फाजाला हवी असलेली खूण माणसाच्या पेशीवर नाही.

मऊ अगारच्या नळ्या आधी उकळत्या पाण्यात वितळवून ४५ ते ४६° से. च्या वॉटर बाथमध्ये ठेवलेल्या असाव्यात. ५० च्या वर गेलं तर ई. कोलाय मरू लागते, ४२ च्या खाली आलं तर अगार नळीतच गुठळ्या धरतो. थर्मामीटर बाथमध्ये बुडवून पाहा, बाथच्या आकड्यावर विसंबू नका. फाज आणि पेशींचं मिश्रण त्यात ओता, नळी दोन्ही तळव्यांत फिरवा, बुडबुडे होऊ देऊ नका, आणि लगेच प्लेटवर ओतून प्लेट हलकेच कलवत सगळीकडे पसरवा. खालची प्लेट आधी अर्धा तास ३७° से. ला ठेवलेली, कोरडी हवी. थंड प्लेटवर वरचा थर लाटेसारखा गोठतो.

वरचा थर सैल खरवसासारखा का, तर नवे कण शेजारच्या पेशीपर्यंत सरकू शकावेत, पण प्लेटभर वाहत जाऊ नयेत. अगार घट्ट झाला तर प्लाक टाचणीच्या टोकाएवढे राहतात. फार पातळ झाला तर एकमेकांत मिसळतात.

दोन प्लेट पडताळ्यासाठी ठेवा. एकीत फक्त ई. कोलाय आणि बफर, दुसरीत फक्त फाजद्रावण आणि बफर, ई. कोलाय नाही. पहिलीवर अखंड साय यायला हवी, दुसरीवर काहीच वाढता कामा नये. या दोन प्लेट वाचवल्या तर बाकीच्या प्लेटवर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही.

थर गोठायला दहा-पंधरा मिनिटं द्या, प्लेट उलटी करून ३७° से. ला ठेवा. जोमदार फाजाचे प्लाक सहा-आठ तासांत दिसू लागतात. मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

मोजणी आणि प्लाक वाचणं

३० ते ३०० प्लाक असलेली प्लेट घ्या. समजा सहाव्या नळीच्या प्लेटवर ८४ आले. ती नळी दहा लाखपट पातळ, आणि आपण ०.१ मिलि लावलं होतं. ८४ गुणिले १० गुणिले १० लाख, म्हणजे मूळ द्रावणात दर मिलिला ८४ कोटी प्लाक पाडणारे कण. 'प्लाक पाडणारे' हा शब्द महत्त्वाचा आहे. जे कण मोडके आहेत किंवा पेशीला चिकटूच शकले नाहीत ते या आकड्यात नाहीत.

मोजताना नुसते ठिपके मोजू नका, त्यांची ठेवणही पाहा. काठ स्वच्छ, तळ पारदर्शक असा प्लाक म्हणजे फाज लागेल ती प्रत्येक पेशी फोडतोय. मधोमध धूसर, दुधाळ प्लाक म्हणजे बहुधा लॅम्डासारखा सौम्य फाज: काही पेशींत तो आपला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात बसवून गप्प राहतो, आणि त्या पेशी जगून प्लाकमध्येच वाढतात. प्लाकभोवती पुसट वलय असेल तर फाजासोबत जिवाणूचं शर्करेचं कवच विरघळवणारं विकर पसरलेलं असू शकतं. साय दाट होऊन पेशींची वाढ थांबली की बहुतेक प्लाक वाढायचे थांबतात. टी७ हा याला अपवाद, त्याचे प्लाक पुढेही पसरत राहतात.

एकाच प्लेटवर तीन-चार तऱ्हांचे प्लाक दिसले तर आनंद माना, गटारात विविधता आहे. त्यातला इतरांपासून दूर असलेला एक निवडा, निर्जंतुक टिपेने उचलून १ मिलि एसएम बफरमध्ये टाका. दोन तासांत कण बाहेर झिरपतात. पुन्हा पातळ करा, पुन्हा प्लेट लावा. असं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा एकाच ठेवणीचे प्लाक आले की तुमच्याकडे एकच फाज आहे असं धरता येतं. दोन फेऱ्यांत थांबायचा मोह होतो, पण चिकटून आलेला दुसरा फाज तिसऱ्या फेरीतच उघडा पडतो.

पेशीच्या आत काय चाललंय ते घड्याळ लावून पाहणं

इथवरचा भाग सगळे करतात. विषाणूचं खरं वेगळेपण मात्र पुढच्या तासाभरात आहे, आणि त्याला नवं उपकरण लागत नाही. एमोरी एलिस आणि मॅक्स डेलब्रुक यांनी हा प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध केला.

१ मिलि वाढत्या ई. कोलायमध्ये (सुमारे ३० कोटी पेशी) फाजाचे ३ कोटी कण घाला, म्हणजे दर दहा पेशींमागे एक. असं प्रमाण ठेवलं की ज्या पेशीला फाज लागतो तिला बहुधा एकच लागतो. एकास एक घातले तर कण समान वाटले जात नाहीत: संभाव्यतेच्या नियमाने सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात आणि काहींना दोन-तीन लागतात. पाच मिनिटं ३७° से. ला ठेवा, मग त्याच तापमानाच्या एलबीत एकदम दहा हजारपट पातळ करा. आता पेशी इतक्या विरळ झाल्या की नव्याने चिकटणं जवळजवळ थांबतं आणि सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी झाली असं मानता येतं. याच फ्लास्कमधून आणखी शंभरपट पातळ केलेला दुसरा फ्लास्क तयार ठेवा, शेवटी प्लाक मोजता न येण्याइतके दाट झाले की तो लागेल.

दर पाच मिनिटांनी ०.१ मिलि काढून ताज्या ई. कोलायबरोबर प्लेट लावा, तासभर. टी४ सारखा फाज असेल तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं आकडा हलत नाही. संसर्ग झालेली पेशी अख्खी प्लेटवर गेली की ती तिथेच फुटते आणि एकच प्लाक देते. मग दहा-पंधरा मिनिटांत आकडा शंभरपट किंवा त्याहून वर उसळतो आणि पुन्हा सपाट होतो. शेवटचा आकडा भागिले सुरुवातीचा आकडा म्हणजे एका पेशीतून सरासरी किती कण बाहेर पडले. सुरुवातीच्या आकड्यातून न चिकटलेले कण वजा करायला विसरू नका. ते कळण्यासाठी पाचव्या मिनिटाचा एक नमुना क्लोरोफॉर्म घालून प्लेट लावा: संसर्ग झालेल्या पेशी मरतात, मोकळे कण तेवढे उरतात.

आता हाच क्लोरोफॉर्मचा उपाय प्रत्येक नमुन्यावर करा. क्लोरोफॉर्म पेशी फोडतो, म्हणजे आत जे पूर्ण तयार विषाणू असतील ते बाहेर येऊन प्लाक देतील. पहिली दहा-बारा मिनिटं असे प्लाक जवळपास येतच नाहीत, फक्त न चिकटलेल्या कणांचे येतात. पेशीत शिरलेला फाज नाहीसा झालेला असतो. जिवाणू वाढताना एकाचे दोन होतात आणि कुठल्याही क्षणी निदान एक तरी असतोच. विषाणूचं तसं नाही. तो आधी पूर्ण सुटा होतो, सूचना तेवढ्या उरतात, आणि मग सुट्या भागांतून नवे कण जोडले जातात. हा रिकामा काळ स्वतःच्या प्लेटवर पाहिला की 'विषाणू जिवंत की निर्जीव' हा जुना प्रश्न किती अपुरा विचारला जातो ते ध्यानात येतं.

त्या बारा मिनिटांत आणि नंतर पेशी फुटेपर्यंत हे घडतं. शेपटीचं म्यान आकसतं, आतली ताठ नळी बाहेरच्या पटलातून घुसते, तिच्या टोकाचं विकर पेशीभित्तिका पोखरतं आणि सुमारे १ लाख ६९ हजार बेस-जोड्यांचा डीएनए आत जातो. रिकामं कवच बाहेरच राहतं. हर्शी आणि चेस यांनी १९५२ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस आणि गंधक वापरून नेमकं हेच दाखवलं: आत जातो तो मुख्यतः डीएनए, प्रथिन नव्हे. मग यजमानाची आरएनए बनवणारी यंत्रणा फाजाच्या जनुकांकडे वळवली जाते, यजमानाचा डीएनए तुकडे करून त्यातला माल वापरला जातो. टी४ आपल्या डीएनएत साध्या सायटोसिनऐवजी त्याचं बदललेलं रूप वापरतो, त्यामुळे कापणाऱ्या विकरांना स्वतःचा आणि परका डीएनए ओळखता येतो. डोकी, शेपट्या, तंतू वेगवेगळे बनतात. डोक्यात डीएनए ठासून भरला की शेपटी बसते, शेवटी तंतू. सगळ्यात उशिरा होलिन नावाचं प्रथिन आतल्या पटलाला भोकं पाडतं, त्यातून निसटलेलं लायसोझाइम भित्तिका कुरतडतं आणि पेशी फुटते.

प्राण्यांच्या विषाणूंमध्ये टोचून आत सोडण्याचा हा प्रकार नसतो. ते बहुधा पेशीने गिळले जातात किंवा आपलं आवरण पेशीच्या पटलात मिसळून आत उतरतात, आणि पुष्कळसे पेशी न फोडता अंकुरासारखे बाहेर पडतात. त्यांच्यासाठीही प्लाक पद्धत आहे, मात्र तिथे साय जिवाणूंची नसून वाढवलेल्या प्राणिपेशींची. पण ते काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या योग्य सुरक्षा-स्तर असलेल्या ठिकाणीच करायचं.

बिघडतं तेव्हा

सगळ्या प्लेट पारदर्शक, साय कुठेच नाही: आधी फक्त ई. कोलायची पडताळा-प्लेट पाहा. तीही रिकामी असेल तर अगार गरम होता, पेशी भाजल्या. तिच्यावर साय असेल तर फाज जास्त झाला, पुढच्या नळ्या लावा.

प्लाक एकही नाही: कॅल्शियम राहिलं, यजमान जुना, किंवा गाळणीने कण धरून ठेवले. न गाळलेला, फक्त क्लोरोफॉर्म केलेला नमुना लावून खात्री करा.

पडताळा-प्लेटवरही प्लाक: यजमानाच्या साठ्यात फाज शिरला आहे, किंवा तो आधीपासून लपलेला फाज बाळगून आहे. साठा टाकून द्या, नवा आणा. टी१ सारखे फाज सुकूनही टिकतात आणि एका मायक्रोपिपेटमधून अख्ख्या प्रयोगशाळेत पसरतात, म्हणून फाजाची पिपेट आणि जिवाणूंची पिपेट वेगळी ठेवा.

प्लाक ओघळल्यासारखे लांबट: झाकणावरचं पाणी पडलं. प्लेट नीट सुकवल्या नव्हत्या.

फाज घातलेला फ्लास्क काही तासांत नितळ झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गढूळ: बहुतेक वेळा ही चूक नसते. कोट्यवधी पेशींत एखादी अशी असते जिच्यातली खूण आधीच बदललेली आहे, फाजाला ती ओळखू येत नाही, आणि मोकळ्या मैदानात तीच वाढते. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये टी१ वापरून दाखवलं की हे बदल फाज येण्याआधीच झालेले असतात. त्या गढूळ फ्लास्कमधली पेशी वेगळी करून तिच्यावर तुमचा फाज पुन्हा लावून पाहा. प्लाक आले नाहीत तर माध्यमात बाहेरचा जिवाणू शिरलेला नाही ना ते तपासा; नसेल तर प्रतिकार खरा. प्लाक आले तर मात्र ती पेशी प्रतिकारक नाही.

शुद्ध केलेला फाज एसएम बफरमध्ये ४° से. ला महिनोन्महिने टिकतो. दर काही महिन्यांनी आकडा पुन्हा मोजा आणि तारखेसह नळीवर लिहा. ग्लिसरॉल न घालता गोठवू नका. काम झालेल्या प्लेट, टिपा, गटाराचं उरलेलं पाणी, सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. त्याआधी क्लोरोफॉर्म असलेल्या नळ्या बाजूला काढा, त्या ऑटोक्लेव्हमध्ये जाता कामा नयेत, सेंद्रिय द्रावकांच्या कचऱ्यात जातात. टेबल पुसायला नुसतं अल्कोहोल पुरत नाही, कारण या फाजांना विरघळणारं आवरण नाही. ताजं दहा टक्के ब्लीचचं पाणी दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने पुसा.